निळा चौकोन

चिखली, १९ जानेवारी २०२३

चि. स्वप्नालीस दादाचे आशीर्वाद.

तुला फोन केला की तिसऱ्या मिनिटाला तुझी मीटिंग सुरू होते. म्हणून यापुढे पत्रच लिहिणार. शेडमधल्या जुन्या जॉबकार्डांची मागची बाजू कोरी असते, त्यावर लिहितो आणि तुझी वहिनी फोटो काढून पाठवते. आज गुरुवार, आमच्याकडे लाइटची आणि कामाची दोन्हीची सुट्टी, तेव्हा निवांत आहे.

तुझ्याकडे काम आहे. भोसरीच्या आमच्या शेडमध्ये हरिहर साहेबांनी धूळ ओढायला नवं हूड बसवलंय. आमचा धंदा तुला माहीतच आहे. ओतून आलेल्या लोखंडी भागांवर जोराच्या हवेनं वाळू मारायची, खरपुडी उडवायची आणि भाग चकचकीत करून चाकणला धाडायचे. तिथल्या ज्या कंपनीला आम्ही माल देतो, तिचे ऑडिटवाले पुढच्या महिन्यात येतायत. धूळ हूडमध्ये जाते की नाही, ते त्यांना कॉम्प्युटरवर बघायचंय. हे करून देणाऱ्या एका फर्मचा भाव ऐकून साहेबांनी पंखा मोठा करायला सांगितला. मी तिथेच उभा होतो. तोंडातून निघून गेलं, की माझी चुलत बहीण बंगळूरला हेच करते. आता तू नाही म्हणालीस तर शेडमध्ये माझी काही किंमत राहायची नाही.

शेड मी स्वतः फितीनं मोजलीय. लांबी बेचाळीस फूट, रुंदी सव्वीस, खांब दोन, हूडचं तोंड जमिनीपासून साडेचार फुटांवर. सगळं दुसऱ्या कार्डावर काढलंय. चित्र वाकडं आहे पण आकडे सरळ आहेत.

वहिनी विचारते, भेंडीची भाजी बघून अजून तोंड वाकडं करतेस का?

तुझा,
समाधानदादा

---

बंगळूर, ५ फेब्रुवारी २०२३

प्रिय दादा,

भेंडी इथे रोज असते. वहिनीला सांग, तिचा सूड पूर्ण झालाय.

तुझे आकडे खरंच सरळ निघाले. आमच्या इंजिनियरांना तुझ्याकडे शिकायला पाठवायला हवं. तुझं काम जवळजवळ झालंय. कसं केलं ते थोडक्यात सांगते, म्हणजे साहेबांपुढे तुला दोन वाक्यं टाकता येतील.

पायथन नावाच्या भाषेत मी प्रोग्रॅम लिहिला. त्यात वाळूचे वीस लाख कण सोडले. प्रत्येकाची जागा, वेग आणि जाडी ठरलेली. हवा कुठल्या कणाला कुठे नेते ते कॉम्प्युटर क्षणाक्षणाला मोजतो. मग प्रत्येक क्षणाची एक फाईल बाहेर काढायची, म्हणजे त्या घडीला कुठला कण कुठे होता त्याची यादी. त्या फायली चित्र काढणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला दिल्या की तो त्या एकामागे एक दाखवतो आणि फिल्म तयार होते. आईला मी सांगितलं, की गिरणीत उडणाऱ्या पिठाच्या प्रत्येक कणाचा पत्ता लिहून ठेवायची नोकरी आहे माझी. ती म्हणाली, त्यापेक्षा लग्न कर.

माणूस म्हणून मी एक उभं खोकं ठेवलंय, पाच फूट सहा इंच. तुझीच उंची घेतली. हातपाय काढत बसले असते तर महिना गेला असता.

पहिल्यांदा सगळेच कण बाहेर काढले. सहाशे फायली झाल्या, त्याही इतक्या जड की लॅपटॉप गारठलाच. आणि जे काही दिसलं तो पडद्यावर नुसता पांढरा गिचमिडा. मग फायली बाहेर काढताना एक ओळ घालून चाळणी लावली. बारीक कण वगळले, जाड तेवढे ठेवले. आता बघ कसं दिसतं. लाल-निळ्या कारंज्यासारखी धूळ उडते आणि गुपचूप हूडमध्ये शिरते. सोबत इंग्रजीत आठ पानांचा अहवाल जोडलाय.

पैशांचं विचारू नकोस. तुमच्या घरी चार वर्षं जेवले आहे.

तुझी,
स्वप्नाली

---

चिखली, २३ फेब्रुवारी २०२३

चि. स्वप्नाली,

पोरी, तू आमची मान उंच केलीस. ऑफिसातल्या टीव्हीवर तुझी फिल्म लावली. ऑडिटवाल्यांनी दोनदा बघितली, एकानं मोबाइलवर उतरवून घेतली. साहेबांनी मला त्यांच्याच टेबलाशी खुर्ची दिली आणि खारी पुढे केली. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या ऑफिसात बसून चहा प्यायलो.

तुझं खोकं जिथे उभं होतं, तिथे साहेबांनी जमिनीवर पिवळी पट्टी मारून घेतली. पट्टीच्या मागे धूळ येतच नाही हे फिल्ममध्ये दिसतंच. त्यामुळे पट्टीच्या मागे मास्क लागणार नाही, असा नियम झाला. मला तर बरंच वाटलं. मास्क घातला की वाफेनं चष्मा धुरकटतो, एखाद्या कोपऱ्यात खरपुडी राहते आणि चाकणहून नग परत येतो. तो परत आला की शिव्या फोरमनला, म्हणजे मला.

फक्त बुद्धरत्न ऐकेना. परभणीकडचा आहे, अकरा वर्षं वाळू मारायची गन धरतोय, तुझ्या वहिनीच्या हातचं पिठलं खाऊन गेलेला. तो मास्क काढायलाच तयार नव्हता. मी म्हणालो, माझ्या बहिणीनं कॉम्प्युटरवर काढून दाखवलंय. तर म्हणतो कसा, "भाऊ, टीव्हीतली धूळ टीव्हीत ऱ्हाती." साहेब बघत होते. मी पुढे झालो, त्याच्या तोंडावरचा मास्क काढला आणि खिळ्याला अडकवला. त्याला म्हणालो, नव्या नवरीसारखा तोंड झाकून किती दिवस बसशील? सगळे हसले. शेवटी तोही हसला.

एक गोष्ट मात्र कळत नाही. सकाळी नाक शिंकरलं की रुमालावर अजून पांढरं येतं. ते तुझ्या फिल्ममध्ये कुठेच दिसत नाही. ते कुठून येतं?

दादा

---

बंगळूर, १९ मार्च २०२३

प्रिय दादा,

आधी पेढे. मला नवी नोकरी लागली, पगार जवळजवळ दुप्पट. आणि कशावर लागली सांगू? तुमच्या शेडवर. मुलाखतीत ती फिल्म दाखवली. पायथनमधून इतक्या कणांच्या फायली काढून त्या इतक्या स्वच्छ दाखवणं सोपं नसतं, असं त्यांचे प्रमुख म्हणाले. त्यातलं एक चित्र त्यांनी छापून दाराजवळच्या भिंतीवर लावलंय, माझ्या उंचीचं. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तुझं खोकं बघतो आणि मग रिसेप्शनला जातो.

नाकातल्या पांढऱ्याची काळजी करू नकोस. हूड नवीन असलं तरी शेड जुनी आहे. इतक्या वर्षांची धूळ भिंतींवर, पत्र्यावर बसलेली, ती पडत राहणार. हळूहळू कमी होईल.

बुद्धरत्नला म्हणावं, शास्त्रावर थोडा विश्वास ठेव.

तुझी,
स्वप्नाली

---

चिखली, ८ फेब्रुवारी २०२४

स्वप्नाली,

वर्षभर मी लिहिलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. दिवाळीला मिठाईचा डबा आला, वहिनीनं तुला निरोप टाकलाच होता.

बुद्धरत्न गेला. दसऱ्यापासून खोकत होता. साहेबांनी आधी त्याला गनवरून काढून पॅकिंगला बसवलं, मग गावी जाऊन आराम कर म्हणाले. आराम करायला गेला तो परत आलाच नाही. एकवीस जानेवारीला गेला. एकेचाळीस वर्षांचा होता. शेवटी वजन अडतीस किलो होतं म्हणतात.

सोमवारी त्याची आई शेडवर आली, सोजरबाई. परभणीहून रात्रभर एसटीनं आणि पुढे वाट विचारत सहा-आसनी रिक्षानं. मला वाटलं काही मागायला आली असेल. तिनं पिशवीतून मास्क काढला. धुतलेला, घडी घालून प्लास्टिकमध्ये ठेवलेला. मी खिळ्याला अडकवला होता तोच, गावी जाताना त्यानं सोबत नेला असणार. म्हणाली, "लेकरू म्हनलं व्हतं, कंपनीची वस्तू हाय, माघारी देऊन ये." चहासुद्धा न घेता गेली. मी तो मास्क हातात घेऊन उभा राहिलो. कुठे ठेवावा ते कळेना.

आता माझं ऐक. मी फोन का करत नाही, तर चार वाक्यं बोललो की धाप लागते. गेल्या वर्षी तुझ्या मीटिंगमुळे लिहीत होतो, आता छातीमुळे लिहितो. मागच्या आठवड्यात एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसलीय. बसली ती निघत नाही. मी त्यांना तुझी फिल्म मोबाइलवर दाखवली आणि विचारलं, ही धूळ तर हूडमध्ये जातेय. त्यांनी एकच विचारलं, यात सगळ्यात बारीक कण केवढा आहे? मला सांगता आलं नाही. घरी येऊन तुझं जुनं पत्र काढलं. चाळणी, असं तू लिहिलं होतंस. चाळणी लावली की कोंडा जातो आणि पीठ राहतं, एवढंच मला माहीत. म्हणून तेव्हा काही विचारलं नाही.

मला तीच फिल्म सगळ्या कणांसकट हवीय. शेडमध्ये अजून सहा जण आहेत. साहेबांना सांगून बघितलं, तर ते टीव्हीकडे बोट दाखवतात. त्याच टीव्हीवर खरं दिसलं तर मास्क परत येतील, वाळू बंद होऊन लोखंडी छर्रे तरी येतील. माझं जे व्हायचं ते झालं. त्या सहा जणांसाठी पाठव.

समाधानदादा

---

बंगळूर, १० मार्च २०२४

दादा,

उत्तराला उशीर झाला. बुद्धरत्नबद्दल वाईट वाटलं. तू औषधं वेळेवर घे.

काही गोष्टी स्पष्ट करते, कारण तुझ्या पत्राचा रोख मला आवडला नाही. बारीक कण वगळल्याचं मी पाच फेब्रुवारीच्या मेलमध्ये लिहिलं होतं. अहवालात सातव्या पानावर तळटीपही होती, की दहा मायक्रॉनखालचे कण या चित्रात नाहीत. जे काम मी फुकट केलं, नात्याखातर केलं, त्याचा उपयोग तुमच्या साहेबांनी कसा करायचा हे मी ठरवलेलं नाही. पट्टी मी मारली नाही.

सगळ्या कणांच्या फायली आता माझ्याकडे नाहीत. पुन्हा काढायच्या तर आठ-दहा दिवस मशीन अडेल आणि मला ऑफिसात कारण द्यावं लागेल. काय सांगू त्यांना? भिंतीवर लावलंय ते चित्र अर्धवट आहे? इथे पोचायला मला काय करावं लागलं ते तुला कळायचं नाही.

आणि शेवटचं. मास्क मी काढला नाही, दादा. तू काढलास, चारचौघांत, स्वतःच्या हातानं, आणि मला कौतुकानं लिहूनही कळवलंस. ते पत्र माझ्याकडे आहे. म्हणून जे बोलशील ते जपून बोल.

स्वप्नाली

---

चिखली, १४ मार्च २०२४

स्वप्नालीताई,

ताई म्हणतो, कारण पुरावे सांभाळून ठेवणाऱ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची मला भीती वाटते.

सातवं पान साहेबांनी लपवलं नाही, फाडलं नाही. ते इंग्रजीत होतं आणि त्याच्या आधीची सहाही होती. आम्ही सगळ्यांनी फिल्म बघितली. तुला ठाऊक होतं आम्ही फिल्मच बघणार. म्हणूनच ती तू एवढी सुंदर केलीस.

मास्क मी काढला, ते खरं आहे. त्यासाठी तुला पत्र जपून ठेवायची गरज नाही. मी रोज शेडमध्ये तो खिळा बघतो. पण कुणाच्या जिवावर काढला? चार वर्षं तू आमच्या एका खोलीत राहिलीस. तुझी परीक्षा असली की मी बाहेर जिन्यावर बसून जेवायचो, भांड्याचा आवाज नको म्हणून. थेरगावात डांगे चौकातून तुझा पहिला लॅपटॉप घेतला तेव्हा वहिनीच्या कानात बाळ्या होत्या, दुसऱ्या दिवशी नव्हत्या. हे उपकार म्हणून काढत नाही, असं लिहिणार होतो. पण ते खोटं झालं असतं. उपकार म्हणूनच काढतोय. तुला बोचावं म्हणून काढतोय. दुसऱ्या कशानं तुला बोचेल असं आता वाटत नाही.

तू विचारलंस ना, ऑफिसात काय सांगू? त्यांना सांग, की वगळलेले कण सापडले. ते माझ्याकडे आहेत. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवले, रवा सांडल्यासारखे, दोन्ही बाजूंना. तुझ्या फायलींसारखे हेही जड आहेत. जिना चढताना तीनदा थांबावं लागतं.

आणखी एक ऐक. भिंतीवर तुझ्या उंचीचं चित्र लावलंय म्हणालीस, त्यातलं ते खोकं जरा नीट बघ. त्याला तू नाक दिलं नाहीस. उंची माझी दिलीस, जागा माझी दिलीस, पण ते श्वास घेत नाही. त्या पट्टीवर उभं राहून आठ तास श्वास घ्यायचा हेच तर आमचं मुख्य काम आहे. वाळू तर मशीन मारतं.

बुद्धरत्नच्या जागी गनवर आता सयाजी आहे. दोन मुलींचा बाप. त्यालाही सकाळी पांढरं येतं. तोही मला विचारतो, कुठून येतं. तू मला जे उत्तर दिलं होतंस, तेच मी त्याला देऊ का?

समाधान

---

बंगळूर, २ जून २०२४

दादा,

अडीच महिने रोज तुझं पत्र उघडते आणि मिटते. आज लिहितेय, कारण आता दाखवण्यासारखं काहीतरी केलंय.

आधी कबूल करते. गेल्या वर्षी तू नाकातल्या पांढऱ्याचं विचारलं होतंस, तेव्हा मी तो प्रोग्रॅम उघडला होता. ती ओळ बघितली. ती काढून पुन्हा चालवलं तर काय दिसेल याची मला बऱ्यापैकी कल्पना होती. मुलाखत होऊन चारच दिवस झाले होते. मी फाईल बंद केली आणि तुला भिंतीवरच्या जुन्या धुळीचं लिहिलं. ते तेव्हाच खोटं होतं. बुद्धरत्न तेव्हा जिवंत होता, हे मी दिवसातून किती वेळा मोजते ते तुला सांगून उपयोग नाही.

आता केलंय ते असं. माझ्या पैशानं बाहेरचं मशीन भाड्यानं घेतलं. ती ओळ काढली. सगळे कण बाहेर काढले, एकही न वगळता. ऑफिसात प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, चित्र छान आहे, राहू दे भिंतीवर. पण त्यांचं जाऊ दे.

दादा, जाड कण पडतात, हूडमध्ये जातात, ते बरोबर होतं. बारीक कण हूडपर्यंत पोचतच नाहीत. दाराजवळचा पंखा त्यांना मागे फिरवतो आणि ते पट्टीच्या मागेच घिरट्या घालतात, पाच ते सहा फुटांच्या उंचीवर. तुझ्या खोक्याचा वरचा भाग दिसतच नाही इतके. अख्ख्या शेडमध्ये एकच जागा स्वच्छ निघाली. दुसऱ्या खांबाच्या आडोशाला, जिथे पंख्याची ताजी हवा थेट येते. तीन फूट बाय तीन फूट. तिथे एकही बारीक कण टिकत नाही. चित्रात मी ती जागा निळ्या चौकोनानं दाखवलीय.

हे सगळं मी परवाच हरिहर साहेबांना थेट पाठवलं. तुला आधी पाठवलं असतं तर त्यांनी तुझ्यावर राग काढला असता. सोबत मराठीत पत्र लिहिलं, या वेळी तळटीप नाही, पहिल्याच ओळीत, की आधीची फिल्म अपुरी होती आणि माणसांच्या जिवाला धोका आहे. मास्क ताबडतोब द्या, वाळू बंद करा. आणि ते होईपर्यंत माणसांना निदान विश्रांतीला, जेवायला त्या निळ्या चौकोनात बसवा. खांबापासूनची मापंही दिलीत, तुझ्याच फितीतली, फूट आणि इंचात, म्हणजे चूक व्हायला नको.

साहेबांचा लगेच फोन आला. खूप आदरानं बोलले. आभार मानले. म्हणाले, लगेच अमलात आणतो.

वहिनीला मला शिव्या द्यायच्या असतील तर देऊ दे. मी दिवाळीला येते. तू मला जिन्यावर बसव.

तुझी,
स्वप्नाली

---

चिखली, २२ ऑगस्ट २०२४

चि. स्वप्नाली,

हे पत्र वहिनीला दाखवलेलं नाही. फोटो मीच काढलाय, म्हणून वाकडा आला असेल. चालवून घे.

तुझं मोजमाप बरोबर निघालं. इंचाचासुद्धा फरक नाही. हे मी सांगू शकतो, कारण फीत मीच लावली.

तू पाठवलेली फिल्म साहेबांनी एकदाच लावली, ऑफिसचं दार बंद करून. आत आम्ही दोघेच होतो. पडदा पांढराच झाला. मी म्हणालो, साहेब, बघा. ते बघतच होते, पण त्यांचं लक्ष पांढऱ्याकडे नव्हतं. त्यांनी फिल्म थांबवली, निळ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "समाधान, तुझी बहीण खरंच हुशार आहे. फीत आण."

चाकणवाल्यांनी या वर्षापासून नवा नियम काढलाय. धूळ मोजणारं छोटं यंत्र शेडमध्ये कायमचं लावायचं. त्याचा आकडा त्यांना तिकडे बसल्या बसल्या कॉम्प्युटरवर दिसतो. यंत्र शेडमध्ये कुठे लावायचं ते कारखान्यावर सोडलंय. साहेब दोन महिने त्याच घोरात होते. तुझं पत्र आलं आणि सुटले.

दुसऱ्या खांबापासून दोन फूट चार इंच, मागच्या भिंतीवर, जमिनीपासून पाच फूट. मी उभं राहून खिळे ठोकले. नाही म्हणता आलं असतं. म्हणालो नाही, त्याचं कारण सांगतो. मी कामावर आहे तोवर दवाखान्याचं कार्ड चालतं, आणि ऑक्सिजनचं मशीन त्या कार्डावर आहे. साहेबांनी मला याची आठवण करून दिली नाही. ते चांगले आहेत, तेवढं मला स्वतःलाच आठवतं. यंत्रावर हिरवा दिवा लागला तेव्हा साहेबांनी टाळी दिली. चाकणहून कौतुकाचं पत्र आलंय. ते ऑफिसात तुझ्या पहिल्या फिल्मच्या फोटोशेजारी लावलंय. मास्क आले नाहीत. आकडा हिरवा असताना मास्क कशाला, असं साहेब म्हणतात, आणि चाकणवाले त्यांच्या बाजूनं आहेत. तुझी दुसरी फिल्म साहेबांकडेच आहे. ती मला द्या म्हणून त्यांना सांगू नकोस. माझ्याकडे आली तर ती मी कुठे लावू? लोकांचा विश्वास तुझ्या पहिल्या फिल्मवर बसलाय, आणि तो मीच बसवलाय.

चौकोन आता खरोखर निळ्या रंगानं रंगवलाय. त्यात कुणी पाऊल टाकायचं नाही. आमच्या कपड्यांवर, केसांवर धूळ असते. माणूस यंत्राजवळ गेला की आकडा चढतो, दिवा पिवळा होतो, आणि चाकणहून फोन येतो. तेव्हा चौकोन मोकळा राखायची जबाबदारी फोरमनची.

काल जेवणाच्या सुट्टीत सयाजी तिथे जाऊन बसला होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. डबा उघडून, भिंतीला टेकून, डोळे मिटून बसला होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "भाऊ, हितं बरं वाटतंय. श्वास मोकळा येतोय."

दिवा पिवळा झाला होता. मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि परत पट्टीमागे नेऊन बसवलं.

दिवाळीला ये. जिन्यावर नको बसू, घरात बस. जिन्यावर आता मी बसतो. वर चढून जायचं होत नाही.

तुझा,
समाधानदादा